शेतांतलें ‘औषध’ आणि मुलांची बुद्धि

श्रावण-भाद्रपदांत आमच्याकडे रजेच्या ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांत एक वाक्य वारंवार असतें: “कपाशीवर औषध मारावयाचें आहे, तरी मुलास दोन दिवसांची रजा मिळावी.” हा औषध शब्द आम्हांस नेहमीं खटकतो. कीड मारण्याकरितां जें फवारावयाचें तें विष होय. त्याला औषध म्हटलें म्हणजे त्याची भीतिच राहत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस मेक्सिको देशांतील एक हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या देशाच्या सोनोरा प्रांतांत याकी नांवाच्या लोकांची वस्ती आहे. त्यांपैकीं खोऱ्यांत राहणाऱ्यांनीं १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पाटाच्या पाण्यावरील नवी शेती पत्करली, व तिच्याबरोबर कीटकनाशकेंहि. जवळच्या डोंगरपायथ्याच्या लोकांनीं मात्र आपली जुनी रीत सोडली नाहीं. रक्त एक, खाणेंपिणें एक, चालीरीति एक. मोठा भेद काय तो फवारणीचा. एलिझाबेथ गिलेट ह्या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्हींकडील चार-पांच वर्षांच्या ५० मुलांची परीक्षा घेऊन तिची हकीकत १९९८ सालीं प्रसिद्ध केली. मुलांच्या अंगाच्या वाढींत कांहीं फरक नव्हता. पण चेंडू झेलणें, उड्या मारीत राहणें, बाटलीच्या झांकणांत बेदाणा टाकणें, ह्यांत खोऱ्यांतील मुलें मागें पडलीं. बक्षीस म्हणून लाल फुगा देण्याचें कबूल करून अर्ध्या तासानें त्याविषयीं विचारिलें, तेव्हां डोंगराकडील मुलांस तें चांगलें आठवत होतें. खोऱ्यांतील कित्येकांस नाहीं. मग माणसाचें चित्र काढावयास सांगितलें. डोंगराकडील कागदांवर डोकें, हात, पाय असलेला माणूस उमटला. खोऱ्यांतील बहुतेक कागदांवर नुसत्या वेड्यावांकड्या रेघा. असा कागद आमच्या वर्गांत आला असता, तर आम्हीं त्या मुलास आळशी म्हणून मोकळे झालों असतों, हें कबूल केलें पाहिजे.

पन्नास मुलें म्हणजे थोडींच, असें कोणी म्हणेल, व तें खरें. परंतु कॅलिफोर्नियांतील सॅलिनास खोऱ्यांत बर्कली येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांच्या मूत्रांत फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे अवशेष मोजले, व पुढें त्यांच्या ३२९ मुलांची सातव्या वर्षीं बुद्धिपरीक्षा घेतली. ज्या मातांत अवशेष सर्वांत अधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक, ते सर्वांत कमी असलेल्या मातांच्या मुलांहून सरासरी ७ नें कमी भरला. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

असें कां व्हावें? मज्जातंतूंतील निरोप एका द्रव्याच्या साह्यानें एका पेशीकडून दुसरीकडे जातो, आणि निरोप पोंचतांच तें द्रव्य नाहींसें करणारें दुसरें द्रव्य तेथें हजर असतें. फळा पुसल्यावांचून पुढचें गणित लिहितां येत नाहीं, तसेंच हें. हीं विषें त्या पुसणाऱ्याचा हातच धरितात. ही व्यवस्था किडीच्या व माणसाच्या शरीरांत सारखीच असल्यामुळें विषास दोघांत भेद करितां येत नाहीं. त्यांतून गर्भाचा मेंदु नुकता घडत असतो, आणि विष मोडून टाकण्याची शक्ति अर्भकास मोठ्यांच्या मानानें फार थोडी असते.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. तीं मरणें सर्वांस दिसलीं. सात गुणांची उणीव कोणास दिसत नाहीं. अमुक एक मुलगा विषामुळेंच मागें पडला, असें सांगतां येत नाहीं, व आम्हीहि सांगत नाहीं. पण गरोदर बाईनें विष कालवूं नये, फवारलेल्या शेतांत निंदणीस जाऊं नये, फवारणीचे कपडे निराळे धुवावे, आणि अंग धुतल्यावांचून तान्ह्या मुलास उचलूं नये, एवढें तर घरोघर साधण्यासारखें आहे. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरीं फवाऱ्याचा पंप कोठें ठेवितात तें आजच पाहावें. गेल्या वर्षीं एका घरीं आम्हीं गेलों, तेव्हां तो पाळण्याखालीं होता.