कार्यालय, ग्रंथालय आणि ‘इटालियन’ फर्निचर

वार्षिक अहवालात नवी यंत्रे, शस्त्रक्रिया व सवलतीचे उपचार यांचा तपशील असतो, आणि तो असावयासच हवा. फर्निचर मात्र जमाखर्चातील एका ओळीत संपते. यंदा त्या ओळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कार्यालयाची आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या ग्रंथालयाची नव्याने मांडणी करण्याचा विषय निघाला, तेव्हा ‘एकदाचे इटालियन फर्निचरच आणा, संस्थेची शोभा वाढेल’ अशी सूचना काही हितचिंतकांनी आपुलकीने केली. ‘देणगीचा पैसा खुर्च्यांवर कशाला?’ असा प्रश्न इतरांनी तितक्याच आपुलकीने विचारला. दोघांनाही उत्तर देणे भाग होते.

बाजारात ‘इटालियन’ म्हणजे गुबगुबीत कातडी सोफा आणि चकचकीत संगमरवर, अशी समजूत झाली आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील आरेखनकारांनी जे नाव मिळविले, त्याचा मोठा भाग याहून पुष्कळ साध्या वस्तूंवर उभा आहे. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन हे नवे प्लास्टिक सिद्ध केले. त्यांना १९६३ साली जर्मनीच्या कार्ल झिगलर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. नात्तांचे एक विद्यार्थी, रसायन अभियंते जुलिओ कास्तेल्ली यांनी १९४९ सालीच ‘कार्टेल’ ही कंपनी काढली होती. आज उंची दालनांत दिसणारे हे नाव पूर्वी घरगुती प्लास्टिकच्या वस्तू आणि पुढे प्रयोगशाळेची प्लास्टिकची उपकरणे बनवीत असे, हे रुग्णालयाच्या वाचकांस विशेष वाटेल.

याच कंपनीसाठी जो कोलोंबो यांनी १९६५ साली एक खुर्ची आखली. साच्यातून ओतलेल्या त्या खुर्चीचे पाय सुटे होते. लहान-मोठ्या उंचीचे पाय लावून तीच खुर्ची मुलासाठी किंवा मोठ्यासाठी वापरता येई. पाठीला ठेवलेले भोक शोभेचे नसून खुर्ची साच्यातून सुटावी व हातात धरून उचलता यावी यासाठी होते. एका सलग तुकड्याची प्लास्टिक खुर्ची बनविण्याचे असे प्रयत्न युरोपात ठिकठिकाणी चालू होते. १९७२ साली फ्रान्समधील आंरी मासोने यांनी त्यांना स्वस्त, झटपट उत्पादनाचे रूप दिले. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्या त्याच कुळातल्या. त्यांचे द्रव्यही परके राहिलेले नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पेणच्या पुढे नागोठण्यास, बॉम्बे हायच्या वायूवर उभ्या राहिलेल्या पेट्रोरसायन संकुलात पॉलिप्रॉपिलीनचे उत्पादन सुरू झाले. ते संकुल इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने उभारले आणि २००२ नंतर ते रिलायन्सकडे गेले. ‘इटालियन आणा’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच आम्ही नम्रपणे सांगितले की, त्यातील सर्वात उपयोगी भाग केव्हाच आला आहे.

रुग्णालयात आसनाची खरी परीक्षा दिसण्यात नसते, पुसण्यात असते. रक्त, उलटी किंवा सलाइन सांडले, तर ते जागीच धुऊन जंतुनाशक लावावे लागते. पॉलिप्रॉपिलीनला सौम्य ब्लीचिंग द्रावण सहसा बाधत नाही. त्याच द्रावणाने लोखंडी पाय मात्र गंजतात आणि कापडी गाद्या आतून ओल्या राहतात. उन्हात मात्र हे प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून या खुर्च्या गच्चीवर ठेवू नयेत. तळोज्याची हवाही विचारात घ्यावी लागते. औद्योगिक वसाहतीची धूळ आठ महिने आणि कोकणचा पाऊस चार महिने. काही वर्षांपूर्वी आम्ही प्लायवूडची देखणी कपाटे घेतली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांचे तळ फुगले आणि दारे लागेनाशी झाली. पुरवठादारास दोष देण्यात अर्थ नाही. निवड आमची होती. आता पुस्तकांसाठी रंग भाजून दिलेल्या पोलादी मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवल्या आहेत. मागे हवा खेळती राहिली की बुरशी व वाळवी दोन्ही लवकर लक्षात येतात.

एका बाबतीत मात्र आम्ही इटलीचे अनुकरण मुद्दाम टाळले. तेथील प्रसिद्ध बैठका पुष्कळदा फार बुटक्या व खोल असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस त्यांतून उठताच येत नाही. ग्रंथालयातील बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असून दोन्ही बाजूंस भक्कम हात आहेत. हातांवर भार देऊन उठता येणे, ही आमची पहिली अट होती. लेखनिकांच्या खुर्च्यांवरही काटकसर केलेली नाही. दिवसभर बसून देयके तपासणाऱ्याची पाठ दुखू लागली, की त्याची झळ खिडकीपुढील नातेवाइकांसही पोहोचते.

जे घेतले ते दिव्याच्या बाबतीत. रिचर्ड सॅपर यांचा ‘टिझिओ’ दिवा १९७२ सालचा. त्याचे हात वजनांनी तोललेले असतात आणि वीज बारा व्होल्टची असल्यामुळे तारेऐवजी त्या हातांतूनच वाहते. मिकेले दे लुक्की व जानकार्लो फास्सिना यांचा १९८७ सालचा ‘टोलोमेओ’ स्प्रिंग व बारीक तारांवर तोललेला आहे. दोहोंमागील विचार एकच: खोली उजळण्याऐवजी पानावर प्रकाश पाडावा आणि तो एका बोटाने हवा तेथे नेता यावा. रात्री अतिदक्षता विभागाबाहेर जागणाऱ्या नातेवाइकास वाचता यावे आणि शेजारच्या बाकावर डोळा लागलेल्याची झोपही मोडू नये, हीच तर आमची अडचण होती. आमचे दिवे देशी आहेत, एलईडीचे आहेत. केवळ त्यांचे हात वळतात.

मुलांच्या कोपऱ्याची गोष्ट राहिली. मार्को झानुसो व सॅपर यांनी १९६४ साली कार्टेलसाठी मुलांची एक प्लास्टिक खुर्ची केली. ती एकीवर एक रचून मुलांनी तिचे किल्ले करावेत, हे त्यांनी गृहीतच धरले होते. आमच्याकडील छोट्या रंगीत खुर्च्या साध्या बाजारातल्या आहेत, पण मुले त्यांचे तेच करतात. कर्मचाऱ्यांनी सुरुवातीस त्यांस हटकले. आता सायंकाळी खुर्च्या मोजून जागेवर ठेवतात, इतकेच.

हितचिंतकांस विनंती आहे की, वापरलेले सोफे व गाद्या कृपया पाठवू नयेत. त्या स्वीकारता येत नाहीत. मराठी पुस्तके व गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक मात्र ग्रंथालयात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत आनंदाने स्वीकारले जातील.