वाइस मास्तरांची हकीगत

मंडळी, शनिवारी सकाळी मुलांना सॉकरला पोचवणारे पालक आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मुलांना आजच्या खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात. या अंकात आम्ही एका जुन्या प्रशिक्षकाची हकीगत देत आहोत. मुलांपेक्षा ती आपल्याला अधिक लागू आहे, कारण हा गृहस्थही देश सोडून दुसरीकडे संसार थाटलेला होता.

आर्पाद वाइस यांचा जन्म १८९६ साली हंगेरीतल्या सोल्त गावी, ज्यू कुटुंबात झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या फुटबॉल संघात त्यांची निवड झाली होती. पुढे ते इटलीत इंटर मिलान क्लबकडे आले. दुखापतीमुळे खेळणे सुटले, तेव्हा ते प्रशिक्षक झाले. हा क्लब १९०८ मध्ये निघाला तोच मुळी परदेशी खेळाडूंनाही जागा मिळावी म्हणून, आणि नावही 'इंटरनॅसिओनाले' असे ठेवले होते. फॅसिस्ट राजवटीला ते नाव खुपले आणि १९२८ पासून क्लबचे नाव 'अंब्रोसियाना' झाले.

वाइस यांची नजर पारखी होती. जुझेप्पे मेआत्सा या सतरा वर्षांच्या पोराला १९२७ मध्ये त्यांनी पहिल्या संघात घेतले. हाच मेआत्सा पुढे इटलीकडून दोन विश्वचषक जिंकला आणि मिलानच्या स्टेडियमला आज त्याचे नाव आहे. १९२९-३० साली सगळ्या इटलीची मिळून एकच साखळी स्पर्धा प्रथमच झाली. ती वाइस यांच्या संघाने जिंकली. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी आल्दो मोलिनारी यांच्याबरोबर फुटबॉलच्या तंत्रावर इटालियन भाषेत पुस्तकही लिहिले.

१९३५ मध्ये ते बोलोन्या क्लबकडे गेले. युव्हेंटसने ओळीने पाच विजेतेपदे घेतली होती. ती रांग बोलोन्याने मोडली आणि १९३६ व १९३७ अशी दोन्ही वर्षे विजेतेपद मिळवले. १९३७ मध्येच पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त झालेल्या स्पर्धेत त्यांनी अंतिम सामन्यात इंग्लंडच्या चेल्सीला ४-१ असे हरवले. घरी पत्नी एलेना, मुलगा रोबेर्तो आणि धाकटी क्लारा. दोन्ही मुले इटलीत जन्मलेली, नावेही तिथलीच.

सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनी सरकारने वंशविषयक कायदे केले. ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या. १ जानेवारी १९१९ नंतर आलेल्या परदेशी ज्यूंनी सहा महिन्यांत देश सोडावा, असा हुकूम निघाला. तीन विजेतेपदे, लिहिलेले पुस्तक, घडवलेले खेळाडू यांपैकी काहीही कामी आले नाही. एका तारखेने सगळे ठरले.

१९३९ च्या आरंभी हे कुटुंब पॅरिसला गेले, तेथून हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्त गावी. तिथल्या लहानशा क्लबला वाइस शिकवू लागले. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोचल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये चौघांना पकडून वेस्टरबोर्क छावणीत नेले. ऑक्टोबरमध्ये एलेना आणि दोन्ही मुलांना आउशवित्झला ठार मारण्यात आले. रोबेर्तो बारा वर्षांचा होता, क्लारा आठ. वाइस यांना मजुरीसाठी वेगळे काढले होते. ३१ जानेवारी १९४४ रोजी आउशवित्झलाच त्यांचा अंत झाला.

त्यानंतर साठेक वर्षे इटलीला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. मात्तेओ माराणी या पत्रकाराने शोध घेऊन २००७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. मग २००९ मध्ये बोलोन्याच्या आणि २०१२ मध्ये मिलानच्या स्टेडियमवर त्यांच्या स्मरणार्थ पाटी लागली. विजेतेपदांचे आकडे दप्तरी होतेच. पण माराणी यांना या घराचा माग लागला तो रोबेर्तोच्या एका बालमित्रामुळे. त्याने जुना पत्रव्यवहार जपून ठेवला होता.

आपण परदेशात राहणारे लोक कागदपत्रांची फार काळजी घेतो, आणि ती घ्यायलाच हवी. पण कागद सरकारचा असतो, एका हुकुमाने तो रद्दही होतो. आपली ओळख ज्यांच्यापाशी उरते ती माणसे निराळी असतात. म्हणून शेजाऱ्यांशी जाणे-येणे ठेवूया. मुलांचे इथले मित्र घरी आले तर त्यांना जेवायला थांबवूया.