रस्त्यावरच्या पाण्यावर हजारो डोळे

किती पाऊस पडला हे पर्जन्यमापक सांगतो. पण एखाद्या फरशी पुलावरून या घटकेला किती पाणी वाहते आहे, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. अशा असंख्य माणसांच्या नोंदी एका नकाशावर आणायच्या आणि त्यावरून रस्ता कधी बंद करायचा, वाहतूक कुठून वळवायची हे ठरवायचे, ही आपल्या काळातली थक्क करणारी सोय आहे.

तिची गरज मुंबईने भोगून जाणली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला; त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एका केंद्राचा आकडा साऱ्या शहराला लागू पडत नाही, हे त्यातून दिसले. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘मुंबई फ्लड’ हे संकेतस्थळ आणि ॲप खुले केले. त्यात पावसाचा अंदाज आणि पाणीपातळी मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदी मिळतात, शिवाय कुठे किती पाणी साचले हे नागरिकांनाही कळवता येते. पाणी घोट्याला लागले की गुडघ्याला, एवढे सांगायला कोणतेही उपकरण लागत नाही.

जकार्तात २०१४ पासून पुराविषयीच्या ट्विटमधून शहराचा पूरनकाशा तयार होऊ लागला. अमेरिकेतील युटा राज्यात प्रशिक्षित स्वयंसेवक बर्फाळ रस्त्यांची स्थिती कळवतात. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर ॲन आर्बर शहरातल्या मोटारींचे वायपर कधी चालू झाले, यावरून पाऊस नेमका कुठे पडतो आहे ते शोधून दाखवले.

चुकीची बातमी आली तर? एकाच ठिकाणाहून आलेल्या अनेक नोंदी, छायाचित्रे आणि यंत्रांचे आकडे ताडून पाहिले की खरे-खोटे बरेचसे निवडता येते.

वाटेवरच्या पाण्याची खबर एकमेकांना देण्याचे मोल शहरांपुरते नाही, आणि ते नवेही नाही. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरचे तांडे इथे येतात. रेल्वे येण्याआधी याच समाजाने बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहिले. लदेणीच्या त्या वाटेवर नदीचा उतार कुठे आहे, पाणवठा कुठे आहे, हे ज्ञान साऱ्या तांड्याला तारणारे होते.

आज मानोऱ्यासारख्या तालुक्यातल्या प्रत्येक नाल्यावर पाणीपातळी मोजणारे यंत्र बसवणे खर्चाचे आणि वेळेचे काम आहे. पाहणारी माणसे मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक एसटीत आजच आहेत. पुलावर पाणी दिसले तर गाडी पुढे घालू नये आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर ठिकाण व वेळ सांगून तत्काळ कळवावे. मागून येणाऱ्याचा जीव त्या एका फोनने वाचू शकतो.