दोनशेपर्यंत खरे, २४३ ला खोटे: फंक्शनची चाचणी कशी घ्यावी?

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची 'फंक्शन' या संकल्पनेशी लवकरच ओळख होते. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधील स्वतंत्र नाव असलेला एक भाग. त्याला ठरावीक माहिती पुरवली की, त्याने ठरावीक उत्तर परत द्यावे, एवढीच अपेक्षा असते. मात्र ते उत्तर बरोबर आहे, हे कसे ओळखायचे? तामिळनाडूतील कुंभकोणम येथे लहानाचे मोठे झालेले थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या एका अनुमानाचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

फसवी सुरुवात

रामानुजन यांचे शालेय शिक्षण कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमध्ये झाले. १९१४ मध्ये केंब्रिजला गेल्यानंतर त्यांनी ज्या विषयांवर काम केले, त्यांपैकी एक म्हणजे संख्यांची विभाजने. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे लिहिता येते. म्हणजेच ४ ची विभाजने ५ आहेत.

दिलेल्या संख्येची विभाजने मोजणारे फंक्शन लिहायचे आहे, असे समजू. २ ते ६ या संख्यांची उत्तरे अनुक्रमे २, ३, ५, ७ आणि ११ येतात. या साऱ्या ओळीने मूळ संख्या आहेत. त्यावरून 'पुढची मूळ संख्या द्या' असे फंक्शन कोणी लिहिले, तर ते या पाचही चाचण्यांत उत्तीर्ण होईल. पण ७ ची विभाजने १३ नसून १५ आहेत.

योग्य रचना

योग्य फंक्शनला दोन गोष्टी द्याव्या लागतात: मूळ संख्या आणि वापरता येईल असा सर्वांत मोठा भाग. तो भाग वापरणारी विभाजने आणि न वापरणारी विभाजने वेगवेगळी मोजून त्यांची बेरीज करायची. भाग वापरला, तर तो संख्येतून वजा होतो. न वापरल्यास त्याची मर्यादा एकाने कमी होते. शिल्लक शून्य झाली, तर उत्तर १. शिल्लक ऋण झाली किंवा वापरण्याजोगा भागच उरला नाही, तर उत्तर ०. मोठ्या संख्यांसाठी एकदा काढलेली उत्तरे साठवून ठेवावी लागतात. अन्यथा गणन संपतच नाही.

चाचणीत हाताने मोजता येणारी उत्तरे, ० आणि १ सारखी टोकाची उदाहरणे आणि एखादी मोठी संख्या, असे तिन्ही प्रकार असावेत. अपेक्षित उत्तर मात्र वेगळ्या मार्गाने मिळवलेले हवे. मेजर मॅकमॅहन यांनी ऑयलरच्या पद्धतीने १ ते २०० या संख्यांची विभाजने हाताने काढली होती. हार्डी व रामानुजन यांनी १९१८ मध्ये आपले सूत्र त्याच तक्त्याशी ताडून पाहिले. २०० ची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ आहेत. सूत्राच्या पहिल्या आठ पदांच्या बेरजेत फरक आला तो अवघा ०.००४ चा.

तक्त्याबाहेरची संख्या

याच तक्त्याच्या निरीक्षणातून रामानुजन यांनी १९१९ मध्ये ५, ७ आणि ११ यांच्या घातांविषयी अनुमान मांडले. संख्येच्या २४ पटीतून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला यांपैकी ज्या घाताने भाग जातो, त्याच घाताने विभाजनांच्या संख्येलाही भाग जातो, असा त्याचा आशय होता. ७ चा तिसरा घात म्हणजे ३४३. त्याचे सर्वांत लहान उदाहरण २४३ आहे आणि तक्ता तर २०० वरच थांबला होता.

पुढे हंसराज गुप्ता यांनी तक्ता ३०० पर्यंत वाढवला आणि १९३४ मध्ये सर्वदमन चौला यांनी अपवाद दाखवून दिला. २४३ ची विभाजने १३,३९,७८,२५,९३,४४,८८८ आहेत. या संख्येला ४९ ने भाग जातो, ३४३ ने जात नाही. ७ च्या घातांविषयीचे विधान वॉटसन यांनी १९३८ मध्ये सुधारित रूपात सिद्ध केले.

चाचण्या यशस्वी झाल्या म्हणजे तपासलेल्या उदाहरणांपुरती खात्री झाली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फंक्शन लिहिणाऱ्याने किती चाचण्या घेतल्या याबरोबरच कोणत्या प्रकारचे उदाहरण अद्याप तपासलेले नाही, याचाही विचार करावा. एखादे उदाहरण चुकलेच, तर दुरुस्तीनंतर ते चाचण्यांच्या यादीत कायमचे समाविष्ट करावे.