हीट पंप घरी आणताना

थंडीची चाहूल लागली की दवाखान्यात खोकला-पडशाच्या जोडीने एक निराळाच प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, गॅस गिझर काढून हीट पंप बसवावा म्हणतो. आई-बाबांच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे ना?" यंत्राविषयीचा प्रश्न डॉक्टरला विचारणे वरकरणी विचित्र वाटते. परंतु न्हाणीघरात भाजलेली, घसरलेली किंवा गुदमरलेली माणसे अखेर आमच्याकडेच येतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे, असे वाटले.

हीट पंपाचे कार्य समजण्यास घरातला फ्रिज पुरेसा आहे. फ्रिज आतील उष्णता शोषून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून टाकीतल्या पाण्याला देतो. विजेचा उपयोग प्रामुख्याने कॉम्प्रेसर व पंखा चालविण्यापुरता होतो. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास साध्या विजेच्या गिझरला सुमारे सात युनिट लागतात. तेच काम हीट पंप आपल्याकडील हवामानात साधारण अडीच युनिटांत करतो. बंगला, एकत्र कुटुंब किंवा सोसायटी असेल तर ही बचत मोठी आहे. दोघेच वृद्ध सदनिकेत राहत असतील, तर मात्र उत्तम अर्थिंग असलेला छोटा विजेचा गिझरही पुरतो, असे मी स्पष्ट सांगतो.

गॅस गिझर न्हाणीघरातून हलविण्याचा विचार मात्र कोणत्याही परिस्थितीत योग्यच आहे. बंद जागेत ज्योत जळू लागली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते आणि दार उघडण्याआधीच शुद्ध हरपते. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवे ठरते. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असतानाही ते ९८ किंवा ९९ दाखवू शकते. आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. हीट पंपात ज्योतच नसल्याने हा धोका उरत नाही. त्याचे धोके निराळे आहेत आणि ते बहुतांशी बसविण्याच्या पद्धतीत दडलेले असतात.

जागा, वजन आणि वीज

हीट पंपाला मोकळी हवा हवी. तो हवेतली उष्णता घेतो म्हणून त्याच्याभोवती हवा थंड होते आणि ओलावा पाण्याच्या रूपाने ठिबकतो. बंद केलेल्या छोट्या बाल्कनीत तो कोंडला, तर काम मंदावते आणि शेजारची खोली गारठते. ठिबकणाऱ्या पाण्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण माझ्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. ते पाणी फरशीवर पसरले की शेवाळ धरते, आणि पंचाहत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडायला तेवढे निसरडे पुरते. तबकडीत साचून राहिले तर डेंग्यू पसरविणाऱ्या डासांना आयतीच जागा मिळते. त्यासाठी नळी काढून ती थेट मोरीच्या जाळीपर्यंत नेण्यास सांगावे.

२०० लिटरची टाकी भरल्यावर पाण्याचेच वजन २०० किलो होते, वर यंत्राचे वेगळे. जुन्या इमारतीच्या बाल्कनीत किंवा पोटमाळ्यावर ती ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. बाहेरच्या भिंतीवर युनिट टांगायचे असल्यास कारागिराने सुरक्षापट्टा बांधलेला आहे ना, हे पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. "रोजचंच काम आहे काका" हे उत्तर स्वीकारू नये.

विजेसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळती होताच हा आरसीसीबी क्षणार्धात प्रवाह तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवावे. अर्थिंग मीटरने मोजून घ्यावे. पाण्याच्या नळाला वायर गुंडाळून केलेले अर्थिंग हे अर्थिंग नव्हे. आता बहुतेक नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यातून प्रवाह जमिनीत जात नाही.

टाकीवर सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. तापमान किंवा दाब वाढल्यास तो आपोआप उघडून गरम पाणी सोडतो. त्यातून थेंब पडतात म्हणून बूच मारून तो बंद करणारे प्लंबर आढळतात. हे अत्यंत घातक आहे. दाबाला वाट राहिली नाही तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हची नळी कोणाच्या अंगावर पाणी उडणार नाही अशा ठिकाणी, खाली तोंड करून सोडलेली असावी.

पाणी किती गरम?

या बाबतीत दोन धोके एकमेकांविरुद्ध ओढतात. लेजिओनेला नावाचा जंतू २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांचा मेळावा भरला असता न्यूमोनियाची साथ पसरली, तिच्या शोधातून हा जंतू सापडला. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसांत जातो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना त्याचा धोका अधिक. ६० अंशांच्या पाण्यात तो काही मिनिटांत मरतो. म्हणून वीज वाचविण्याच्या नादात टाकी कायम ४५ अंशांवर ठेवू नये. पुष्कळ यंत्रांत आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांच्या वर नेण्याची सोय असते. ती चालू करून देण्यास सांगावे.

परंतु ६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर प्रौढ माणसाची कातडी अवघ्या पाच सेकंदांत खोलवर भाजू शकते. वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यांना झटकन बाजूला होता येत नाही, आणि जुन्या मधुमेहात तर पायांना चटकाच जाणवत नाही. यावरचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. टाकीत पाणी कढत राहते, नळाला मात्र ४० ते ४३ अंशांचेच येते. माझ्या मते घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल तर या व्हॉल्व्हच्या खर्चात काटकसर करू नये. बादलीने स्नान करणाऱ्यांनी आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. आणि अंदाज बोटांनी वा पायाने न घेता कोपराने घ्यावा.

देखभाल

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताच, कंपनीच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. बोअरचे जड पाणी असेल तर टाकीतील मॅग्नेशियमची कांडी लवकर झिजते. ती टाकीऐवजी स्वतः गंजत असते, म्हणून वेळीच बदलावी. जाळीवरची धूळ काढणे एवढे काम घरी करता येते, तेही वीज बंद करून आणि जमिनीवर उभे राहून. स्टुलावर चढण्याचे काम साठीनंतर दुसऱ्यावर सोपवावे.

यंत्र उघडण्याचे काम मात्र आपले नाही. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. दुरुस्ती सुरू असताना घरातील कोणी चुकून बटण चालू करू नये म्हणून एमसीबीवर चिठ्ठी लावावी, आणि इन्व्हर्टरची जोडणी असल्यास तीही तोडावी.

गॅस भरणे हा सर्वांत नाजूक भाग होय. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-२९० हे गॅस असतात. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. गॅस सुरक्षितपणे काढून घेतल्याशिवाय नळीला ज्योत लावता कामा नये. गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने करतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरने दाब भरणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवावे. कॉम्प्रेसरमधील तेलाशी ऑक्सिजनचा संयोग स्फोटक ठरतो. जुन्या यंत्रात दुसराच गॅस "चालतो" म्हणून भरू देऊ नये. यंत्रावरच्या पट्टीत लिहिलेलाच भरावा. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, देवघरातील निरांजनही विझवावे आणि दम्याच्या रुग्णाने दूरच्या खोलीत बसावे.

तरीही अपघात घडला तर काय करावे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. गरम पाण्याने भाजल्यास अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. गळणारा गॅस हातावर उडून कातडी गोठल्यास ती चोळू नये, कोमट पाण्यात धरावी. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहून रुग्णालय गाठावे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि १०८ वर फोन करावा. नंतर तो बरा दिसला तरी ईसीजी काढून घ्यावा.

मुलाकडे दोन-तीन महिने राहून परतणाऱ्या आजी-आजोबांनी पहिल्याच दिवशी शॉवरखाली उभे राहू नये. पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे, शॉवरचे तोंड बादलीत बुडवून काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, खिडकी उघडी ठेवून बाहेर थांबावे, आणि त्या दिवशी बादलीनेच आंघोळ करावी.