पुसता येणारी तबकडी आणि अतिनील प्रकाश

या स्मरणिकेसाठी जुने साहित्य गोळा करीत असता सुलतान बाजारातील आमच्या कचेरीच्या कपाटात व खिडकीजवळच्या फळीवर सीडी तबकड्यांचा एक गठ्ठा सापडला. गणेशोत्सवातील भाषणे, वर्गणीदारांच्या याद्या, दिवंगत सभासदांची छायाचित्रे असा ऐवज त्यांवर आहे. काही तबकड्या वाचता आल्या. काहींनी मुळीच दाद दिली नाही. खिडकीशी, उन्हात ठेवण्याची चूक आमचीच. तेव्हा तबकडीवर अक्षर उमटते कसे व जाते कसे, हे सभासद बंधुभगिनींस सांगावे असे आम्हांस वाटले.

न वाचल्या गेलेल्यांत बहुतेक तबकड्या एकदाच लिहिता येणाऱ्या होत्या. त्यांत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. उन्हातील अतिनील किरण, आणि काही अंशी दिसणारा प्रकाशही, हा रंग हळूहळू खातात. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीची गोष्ट निराळी. तिच्यात रंग नसून मिश्रधातूचा थर असतो. या जातीतील सर्वांत परिचित मिश्रण जर्मेनियम, अँटिमनी व टेल्युरियम यांचे होय.

आमच्या भगिनींना हे चटकन उमजेल. साखरेचा पाक ताटात ओतून झटकन गार केला, तर तो काचेसारखा होतो. सावकाश बसू दिला, तर खडीसाखरेचे दाणे धरतात. साखर तीच, मांडणी निराळी. लेझरच्या तीव्र झोताने मिश्रधातूचा ठिपका सुमारे ६०० अंश सेल्सियसवर वितळतो व क्षणार्धात गार होऊन विस्कळीत राहतो. मंद झोताने तोच ठिपका १५० अंशांच्या वर काही काळ तापविला, की अणू पुन्हा ओळीत बसतात. ओळीत बसलेला भाग अधिक चकाकतो, विस्कळीत भाग मंद दिसतो. वाचणारा किरण हा भेद ओळखतो. (आमचा बाजारही १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजारच होता, दुकाने तीच, पाटी बदलली!) अमेरिकेतील स्टॅनफोर्ड ओव्हशिन्स्की या स्वयंशिक्षित संशोधकाने अशा काचांतील विजेचा उलटसुलट बदल १९६८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे तबकड्यांचा मार्ग खुला झाला.

लहर जितकी आखूड, तितका ठिपका बारीक. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा, तर ब्लू-रेचा ४०५चा, म्हणजे अतिनीलाच्या उंबरठ्यावरचा. येथे या मिश्रधातूचा एक चमत्कारिक गुण पुढे येतो. जुन्या लाल काचेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाश पडताच त्यांतील इलेक्ट्रॉन एकत्र हिंदकळतात, हिरवा प्रकाश गिळला जातो आणि काच लाल दिसते. या सामूहिक हिंदोळ्यास प्लाझ्मॉन म्हणतात. अतिनीलात सोन्याचा हा खेळ चालत नाही. ॲल्युमिनियमचा चालतो, पण तो चालू-बंद करता येत नाही. आमचा मिश्रधातू ओळीत बसला, की निळ्या-जांभळ्या प्रकाशाशी धातूसारखा वागतो; विस्कटला, की तसा वागत नाही. म्हणजे धातूपणच लिहिता व पुसता येते! इंग्लंडातील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा थरावर सूक्ष्म रेघा कोरून अतिनील व जांभळ्या प्रकाशाचे परावर्तन बदलून दाखविले. हा मिश्रधातू बराच प्रकाश स्वतःच गिळतो, हा दोष मात्र सांगितला पाहिजे.

आता आमच्या गठ्ठ्याविषयी. वैशाखात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. पण १५० अंश फार दूर आहेत, म्हणून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीतील अक्षर केवळ उकाड्याने लगेच पुसत नाही. तिच्या पाठीचा चकचकीत थर दमटपणाने गंजतो, प्लॅस्टिक वाकते, हे भय मात्र आहेच. वाचता आलेल्या सर्व तबकड्यांच्या दोन-दोन प्रती करण्याचे काम सुरू आहे. ज्यांच्या घरी संस्थेच्या कार्यक्रमांच्या तबकड्या असतील, त्यांनी त्या कागदात गुंडाळून कचेरीत आणून द्याव्यात. उतरवून घेऊन परत केल्या जातील.