नवजात बालकाचे पहिले मिनिट

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीड व इतर भागांतून तोडणी कामगारांची कुटुंबे सातारा व सांगली जिल्ह्यांत येऊन शिवारात कोप्या उभारतात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. परंतु कळा अचानक सुरू झाल्यास मूल फडात किंवा वाटेत जन्मण्याचा संभव असतो. अशा वेळी जवळ असणाऱ्यांस पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

बहुतेक मुले जन्मताच रडतात. दहांपैकी सुमारे एकास श्वास सुरू होण्यासाठी मदत लागते. ती पहिल्या मिनिटातच मिळावी, कारण प्राणवायूवाचून मेंदूस इजा पोहोचते.

मूल जन्मताच स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसावे व पुसतानाच दोन गोष्टी पाहाव्यात. ते रडते किंवा नीट श्वास घेते काय? हातपाय हालविते, की लुळे पडले आहे? दोन्ही ठीक असल्यास त्यास आईच्या उघड्या छातीवर ठेवून वर पांघरूण घालावे व तासाच्या आत अंगावर पाजावे. तळहात व तळपाय निळसर दिसल्यास भिण्याचे कारण नाही. ओठ व जीभ निळी असणे मात्र धोक्याचे होय. नाळ कोयत्याने कापू नये. निर्जंतुक पाते मिळेपर्यंत ती तशीच राहू द्यावी.

मूल श्वास घेत नसल्यास त्याची पाठ हलक्या हाताने चोळावी. उलटे टांगणे, चापट्या मारणे, थंड पाणी शिंपडणे किंवा कानाशी थाळी वाजविणे यांत वेळ दवडू नये. चोळूनही श्वास न आल्यास प्रशिक्षित व्यक्तीने पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने हवा द्यावी लागते. हे साधन कोपीत नसते. म्हणून मूल जन्मण्याची वाट न पाहता, कळा सुरू होताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व गावच्या आशा कार्यकर्तीस कळवावे.

दवाखान्यात मुलास गुण देण्याची पद्धत आहे. ती अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. रंग, हृदयाचे ठोके, स्पर्शास प्रतिसाद, अंगातील जोर व श्वास या पाच लक्षणांस प्रत्येकी ० ते २ गुण पहिल्या व पाचव्या मिनिटास देतात. एकूण ७ किंवा अधिक गुण समाधानकारक समजतात. मात्र गुणांची बेरीज होईपर्यंत मदत थांबवावयाची नसते.

ज्या शेतकऱ्याच्या रानात कोप्या पडतील त्याने व ग्रामसेवकाने हंगामाच्या आरंभीच तेथील गरोदर स्त्रियांची माहिती आरोग्य उपकेंद्रास द्यावी. तोड लांबली तर ती पुढे करता येते; मुलाचा श्वास लांबवून चालत नाही.